काजवे, सुक्या पानांचं पोतं आणि रविवारची परत येणारी पिशवी

रानवाट
वळवाचा पाऊस पडला, मातीचा वास आला आणि लोणावळ्याजवळच्या राजमाचीचे, काजव्यांनी लुकलुकणारे सादडे (ऐनाची झाडं) आठवले. मेअखेर ते जूनचा मध्य, तेवढाच काळ. तिथलं काही न बिघडवता कसं जाऊन यायचं ते नेमकं लिहा.
काजव्याचा नर उडत चमकतो, मादी पानावर किंवा गवतात बसून उत्तर देते. विजेरीचा झोत पडला की खूण दिसत नाही, जोडी जमत नाही. विजेरीवर लाल जिलेटीनचे दोन पदर, तोंड जमिनीकडे. पायवाट सोडू नका, अळ्या ओल्या मातीतच असतात.

घाटमाथा
+१. डोळे अंधाराला सरावायला २०-२५ मिनिटं लागतात. एकाने मोबाइल उघडला की सगळ्यांची तेवढी वाया. फोटोवाले फ्लॅश बंद करतात, पण फोकससाठी पेटणारा छोटा दिवा राहून जातो. तोही बंद करा. उजेड असतानाच झाडावर फोकस धरून मॅन्युअलवर ठेवा. ट्रायपॉड, २० ते ३० सेकंद, आयएसओ १६००.

कर्जतकर
गाडी कशाला? पुण्याहून लोकलने लोणावळा, तिथून राजमाचीच्या पायथ्याचं गाव उधेवाडी साधारण १५ किमी, वाट बरीचशी सपाट. कर्जतहून कोंदिवडेमार्गे अंतर कमी, पण चढ अंगावर येतो. अंधारात त्या वाटेने उतरू नका. गावातच मुक्काम करा, पिठलं-भाकरी आदल्या दिवशी फोनवर सांगा, म्हणजे अन्न वाया जात नाही.

स्वयंपाकघर
ताट-वाटी-पेला स्टीलचे न्या ना. कागदी कपाला आतून प्लॅस्टिकचा थर असतो, तो कुजत नाही. आणि वेफर्स-बिस्किटं घरीच पाकिटातून काढून डब्यात भरा, निम्मा कचरा तिथेच संपतो. माणशी एक रिकामी पिशवी, परतताना भरलेली. संत्र्याची सालंसुद्धा परत आणा, माकडांना सवय लागते.

कुंडीतली
थोडं अवांतर. दोन दिवस घर बंद म्हणजे ओल्या कचऱ्याचं खत करायच्या बादलीत आंबूस वास आणि पांढऱ्या अळ्या. कुणी सांगा प्लीज, शेजारी तक्रार करतात.

स्वयंपाकघर
अगं, होतं असं. वास म्हणजे ओल जास्त, हवा कमी. एक वाटी ओल्या कचऱ्याला दोन वाट्या सुकी पानं, हे माप सोडू नकोस. २० लिटरच्या बादलीला तळाशी आणि बाजूंना भोकं, खाली चार बोटं नारळाच्या शेंड्या. मूठभर खत घट्ट दाबलं तर बोटांत ओल जाणवावी, पाणी गळू नये. निघायच्या आदल्या दिवसापासून नवीन कचरा घालू नकोस, सगळं खालपासून उकर आणि वर तीन बोटं सुक्या पानांचा थर दे. झाकण गच्च लावू नकोस, जाळीचं कापड बांध. अळ्या निरुपद्रवी असतात, कचरा लवकर संपवतात. तरी नको असतील तर निंबोळी पेंड मूठभर.

कुंडीतली
आणि पानं कुठून आणू? सोसायटीत झाडून जाळतात.

घाटमाथा
झाडणाऱ्या मावशींना पोतं देऊन ठेव. फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत दोन पोती भरली की पावसाळा निघतो. पण कोरडी ठेव, भिजली तर काही उपयोग नाही.

कर्जतकर
माझ्या वरच्या प्रतिसादात राहिलं. पाणी माणशी तीन लिटर घरूनच. मे अखेरीस गावातल्या विहिरी तळाला गेलेल्या असतात, आंघोळ घरी आल्यावर करा.

रानवाट
कुंडीतली, बादली उन्हात आहे की सावलीत?