संकर, मिलाफ की सरमिसळ? सिंथ-पॉप अल्बमसाठी शब्द हवा आहे

टिपणवही: थॉमस डॉल्बी या एकल कलाकाराच्या पहिल्या अल्बमबद्दल (द गोल्डन एज ऑफ वायरलेस, १९८२) श्रोत्यांची मतं गोळा करून लेख लिहिते आहे. मतं अगदी दोन टोकांची आहेत. सिंथच्या (सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारं वाद्य) थरांत मध्येच माउथऑर्गन येतो, एका गाण्यात जहाजांसाठीचा हवामानाचा अंदाज वाचणारा आवाज येतो. कुणाला यातच अल्बमचा जीव वाटतो, कुणाला हा माणूस एका जागी ठरत नाही असं वाटतं. मी 'शैलींचा संकर' लिहिलं होतं. मसुदा वाचणाऱ्या मैत्रिणीने तिथे 'मिलाफ' केलं आणि नाराज श्रोतेसुद्धा कौतुक करताहेत असं वाटायला लागलं. दोघांच्याही तोंडी शोभेल असा शब्द आहे का?

पिंपळपान: 'संकर' नकोच. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन ज्या वर्णसंकराला भितो, त्याचा डाग या शब्दावरून अजून गेलेला नाही. नाराज श्रोत्याला चालेल, पण खूश झालेल्याच्या तोंडी तो घालणं अन्याय आहे.

बांधावरून: असहमत. 'संकरित वाण' म्हणताना कुणाच्या मनात गीता येते? तिथे संकर म्हणजे दोन्हीकडचे गुण एकत्र आणणं. शब्द रोज ज्या तोंडात असतो तिथला अर्थ धरायचा.

पिंपळपान: वाण आणि गाणं एक नव्हे. बियाण्याचा संकर हेतूने, निवडून केलेला असतो.

टिपणवही: पण वाद तोच आहे ना! हे निवडून केलंय की हाताला लागेल ते घेतलंय, एवढ्यावरूनच श्रोते भांडताहेत.

खर्जातला सा: रागांच्या जुन्या वर्गीकरणात हे आयतंच मिळेल. शुद्ध, छायालग आणि संकीर्ण. दुसऱ्या रागाची नुसती छाया पडली तर छायालग, एकाहून अधिक राग खरोखर मिसळले तर संकीर्ण. तुमचा माउथऑर्गन मला छायालग वाटतो, कारण तो येऊन गेल्यावरही गाणं सिंथ-पॉपच राहतं. हा भेद 'मिलाफ' किंवा 'सरमिसळ' दाखवू शकत नाही.

शब्दागणिक: भेद सुंदर आहे, पण 'संकीर्ण' आज कोण त्या अर्थाने वाचेल? मराठीत संकीर्ण म्हणजे कुठल्याच विभागात न बसलेला मजकूर. हिंदीत तर संकुचित. शिवाय तालाच्या जातींत मिश्र म्हणजे ७ मात्रांची आणि संकीर्ण म्हणजे ९ मात्रांची, तिथे मिसळण्याचा प्रश्नच येत नाही.

मायबोलीचा पाईक: सगळे एका शब्दावर अडलात आणि 'सिंथ-पॉप' मात्र बिनतक्रार गिळलंत. 'संश्लेषक' का नाही? प्रकाशसंश्लेषण शाळेत शिकतोच. हार्मोनियमची संवादिनी झाली, आणि किती देखणा शब्द मिळाला आपल्याला.

शब्दागणिक: संवादिनी कार्यक्रमपत्रिकेवर असते. वाजवणारा 'पेटी' म्हणतो. लोकांनी केलेला शब्द टिकतो.

मायबोलीचा पाईक: दोन्ही टिकले आहेत. घडवलेला शब्द मरतो हे गृहीत धरूनच आपण घडवायचं सोडलंय.

तारेवरची: 'संश्लेषक'ला माझा विरोध वेगळ्या कारणाने. संश्लेषण म्हणजे सुटे भाग जोडून एक करणं. मूग कंपनीच्या धाटणीच्या सिंथमध्ये बरोबर उलट होतं. आधी भरगच्च स्वरांशांची लहर घ्यायची आणि फिल्टरने त्यातले अंश कापत जायचं. हवा तो आवाज उरवून मिळतो. १९८३ मध्ये आलेला यामाहाचा डीएक्स ७ याहून निराळ्या पद्धतीने चालतो, एका लहरीने दुसरीची वारंवारता हलवायची. 'संश्लेषक' या शब्दात यातलं काहीच दिसत नाही.

मायबोलीचा पाईक: मूळ इंग्रजी शब्दातही दिसत नाही. मग मराठीनेच एवढं अचूक का असावं?

जुनी ध्वनिफीत: मला खटकतोय तो 'एकल कलाकार'. एकल गायन म्हणजे एकट्याने गाणं. पण सिंथ-पॉपवाला एकटा म्हणजे लिहिणारा, वाजवणारा, मुद्रण करणाराही बहुतेक तोच. त्याला आपला शब्द 'एकहाती'. एकहाती अल्बम!

तारेवरची: शब्द झकास, पण या अल्बमला लागू नाही. तो माउथऑर्गनच मुळी एक्सटीसी या बँडच्या अँडी पार्ट्रिजने वाजवलाय. नाव एकाचं असलं तरी हात अनेकांचे.

जुनी ध्वनिफीत: मग 'पहिला अल्बम' हेही जपून. नंतरच्या आवृत्त्यांत गाणी बदलली. 'शी ब्लाइंडेड मी विथ सायन्स' १९८२ च्या मूळ ब्रिटिश आवृत्तीत नव्हतं, मागाहून घातलं. एका गाण्याची सिंथवरची आणि गिटारवरची अशी दोन रूपं आहेत. श्रोते भांडताहेत ते कदाचित वेगवेगळ्या तबकड्या ऐकून.

टिपणवही: हे महत्त्वाचं आहे, कुणी कुठली आवृत्ती ऐकली ते विचारायला हवं. शब्दाचं म्हणाल तर सध्या वाक्य असं केलंय: 'गाण्यागणिक बाज बदलतो.' यात निंदा नाही, स्तुती नाही.

खर्जातला सा: 'बाज' छान. सतारीवरचा मसीतखानी बाज, रजाखानी बाज, वाजवण्याच्या रीतीचाच शब्द. पण 'बदलतो' म्हणजे एकामागून एक. इथे तर एकाच गाण्यात दोन बाज एकाच वेळी आहेत.

मायबोलीचा पाईक: आणि 'बाज' उत्तरेकडचा. आपण 'वाजणे' म्हणतो.

शब्दागणिक: दोन्ही एकाच संस्कृत 'वाद्यते'तून आलेले. मसीतखानी 'वाज' म्हणणार आहात का?

मायबोलीचा पाईक: म्हणणार नाही. पण तारेवरची, तुम्ही 'फिल्टर' लिहिलंत तिथे 'गाळणी' का चालू नये, ते सांगा.

तारेवरची: कारण गाळणीचं भोक ठरलेलं असतं. सिंथचा फिल्टर वाजवता वाजवता उघडतात, मिटतात. 'झडप' म्हणालात तर मी विचार करीन.