दारापाशी थांबणं हाच तर खेळ आहे

"दर दारापाशी मिनिटभर उभं राहायचं, हा शूटर की वॉचमनची नोकरी?" 'रेडी ऑर नॉट' या व्हिडिओ गेमवरच्या चर्चेत हे वाचून हसलो, पण पटलं नाही. यात आपण पोलिसांच्या सशस्त्र पथकात असतो आणि गोळी हा शेवटचा उपाय. आधी दाराखालून आरसा सरकवून आत बघायचं, ओरडून शरण यायला सांगायचं, मग बेड्या. शरण आलेल्याला उडवलं की गुण कापले जातात. धावत घुसणाऱ्याचा बाजार दुसऱ्याच खोलीत उठतो.

आवाजाबद्दल मात्र कुणीच बोललेलं नाही. पलीकडच्या खोलीतली पावलं कानांनीच हेरावी लागतात. आणि आमच्या जळगावात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, डोक्याशी कूलर घरघरत असतो. पहिला आठवडा मला वाटायचं, गेममधले हे गुंड भुतासारखे उगवतात! शेवटी भुसावळहून सोबत खेळणारा आतेभाऊ वैतागला, "भो, तुझ्या माइकमधून आम्हालापण नुसता कूलरच ऐकू येतो, तुला पावलं काय कप्पाळ ऐकू येतील?" आता मिशनपुरता कूलर बंद, खांद्यावर ओला पंचा, कानावर जाड हेडफोन. मग कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड तापून गेम अडखळतो ते वेगळंच. म्हणून सध्या पहाटे पाचला खेळतो.