मदत हवी आहे: केसनंद रस्त्याला भाजी-किराणा कुठून आणता?

वैतागवाडीकर | मंगळवार, रात्री ११:४०

मार्चमध्ये इथे, पुण्याजवळ केसनंद रस्त्याला, राहायला आलो. जवळात जवळची भाजी वाघोलीत, साडेचार किलोमीटर. किराणाही तिथेच. बिल्डरच्या माहितीपत्रकात तळमजल्यावर 'शॉपिंग' छापलं होतं. त्या सहा गाळ्यांपैकी एकात इस्टेट एजंट बसतो, बाकी पाचांची शटरं अजून उघडलेली नाहीत. ॲपवर पिनकोड टाकला की 'लवकरच येत आहोत'. तीन महिने येतच आहेत.

केसनंद फाट्याला संध्याकाळी ट्रॅफिकचं काय होतं ते ज्यांना माहीत आहे त्यांनी समजून घ्या. तुम्ही लोक काय करता? 'होईल सवय' कृपया सांगू नका. उद्यापासून काहीतरी लावायचंय.

ता.क. जवळपास ताजं अन्न मिळत नाही अशा वस्तीला अमेरिकेत फूड डेझर्ट म्हणतात म्हणे. लोकांच्या नशिबी वाळवंट येतं, आम्ही वीस वर्षांच्या हप्त्यांवर घेतलंय.

चक्रधर_म

गाडी आहे का? माणसं किती? फ्रिज केवढा? केसनंद गावाच्या अलीकडे की पलीकडे? यातलं काहीच लिहिलेलं नाही आणि उत्तर मात्र उद्यापर्यंत हवंय.

वैतागवाडीकर

गाडी आहे हो. चार माणसं. गावाच्या अलीकडे. फ्रिजचा काय संबंध?

चक्रधर_म

संबंध आहे. रविवारी पहाटे मार्केट यार्ड गाठायचं. तिथे फळभाज्यांचा भाव दहा किलोला निघतो आणि पालेभाज्यांचा शेकडा जुड्यांना, त्यामुळे एकट्याचं काम नाही. तीन-चार बिऱ्हाडांनी मिळून आणायचं आणि पार्किंगमध्ये वाटून घ्यायचं. आम्ही धायरीचे पाच जण सहा वर्षं हेच करतोय. शनिवारी जाऊ नका, भाजी विभागाला सुट्टी असते. आणि आठवड्याची भाजी ठेवायला फ्रिज लागतो, म्हणून विचारलं.

हडपसरी_झणका

केसनंदच्या माणसाला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पाठवणारे तुम्हीच पहिले. अहो, मांजरी खुर्दवरून नदी ओलांडली की मांजरीचा उपबाजार आहे. शेतकरी स्वतः माल घेऊन येतो.

चक्रधर_म

मांजरीला कांदा-बटाटा, लसूण, आलं सगळं एका फेरीत होतं का? भुसार मिळतं का? आमच्याकडे एकदाच गाडी काढली की महिना निघतो.

हडपसरी_झणका

भाजी महिनाभर टिकते तुमच्याकडे? मग फ्रिज कुठला ते तुम्हीच सांगा.

सुमनमावशी

बाळा, रोज ताजी भाजी पाहिजेच हे कोणी सांगितलं? आमच्या सासरी पावसाळ्याचे चार महिने बाजार नव्हताच. उन्हाळ्यातच बेगमी व्हायची. गवार उकळत्या पाण्यातून काढून वाळवायची, सांडगे घालायचे, मेथी सावलीत वाळवून डब्यात भरायची. घरात मटकी, मूग, हुलगे, चवळी असले की मोड आणून आठवडा सहज निघतो. पिठलं आहे, डाळकांदा आहे. आता जून लागलाय, वाळवणाला उशीर झाला, पण पुढच्या वर्षी नक्की करा. सांडग्यांची कृती हवी असेल तर वेगळा धागा काढते.

कुंडीतला_शेतकरी

गच्चीवर पालक लावा. पाच क्रेट, कोकोपीट, गांडूळखत. चाळीस दिवसांत घरचा पालक.

वैतागवाडीकर

चौथा मजला आहे, गच्ची सोसायटीची. आणि चाळीस दिवस काय खाऊ?

अर्धवट_शंका

मूळ लेखकाने 'फूड डेझर्ट' जरा जपून वापरावं. हा शब्द १९९०च्या दशकात स्कॉटलंडकडून आला. अमेरिकेच्या कृषी खात्याची व्याख्या नुसती अंतराची नाही. वस्ती गरीब पाहिजे, आणि मग सुपरमार्केट शहरात एक मैलापेक्षा लांब किंवा ग्रामीण भागात दहा मैलांपेक्षा लांब. तुमच्याकडे गाडी आणि गृहकर्ज दोन्ही आहे. तुम्हाला वाळवंट नाही, ट्रॅफिक आहे.

आणि त्या कल्पनेचीच हवा आता बरीच गेली आहे. २०१९ मध्ये काही अर्थतज्ज्ञांनी घरोघरच्या खरेदीची आकडेवारी तपासली. गरीब आणि श्रीमंत यांच्या खाण्याच्या दर्जात जो फरक दिसतो, त्यातला साधारण दहा टक्केच जवळ दुकान नसण्यामुळे. बाकीचा सवयी, शिक्षण, आवडनिवड यांचा. फिलाडेल्फियात एका वस्तीत नवं सुपरमार्केट काढून पाहिलं. लोक म्हणाले सोय झाली, पण भाजी-फळं खाणं काही वाढलं नाही.

दुपारची_पाळी

दहा टक्के कोणाच्या ताटातले? गाडी असलेला माणूस दुकान पाच मैलांवर असो की एका, जाऊन आणतोच, त्यामुळे सरासरीत अंतर दिसत नाही. मी फुलगावच्या बाजूला नोकरी करते, गाडी चालवत नाही. पिशवीत चार किलो घेऊन बसमध्ये उभं राहिलं की अंतर कळतं. कलिंगड मी तीन वर्षं विकत घेतलेलं नाही. आवडनिवड म्हणा हवं तर.

अर्धवट_शंका

कलिंगडाचा मुद्दा मान्य. पण एकाच्या अनुभवावरून धोरण ठरत नाही.

दुपारची_पाळी

धोरण नाही मागत आहे. धाग्याचं नाव 'मदत हवी आहे' आहे.

गोडघाशा

डेझर्टसाठी वाघोलीत बरीच दुकानं आहेत, आंबा-श्रीखंड चांगलं मिळतं. घरपोच करतात का विचारून सांगतो.

वैतागवाडीकर

मंडळी, चूक माझी. आधीच लिहायला हवं होतं. गाडी सकाळी आठला मी घेऊन जातो, बायको कंपनीच्या बसने. घरी दिवसभर आई असते, वय ७१. चाळीस वर्षं कसब्यात राहिली, रोज मंडई. रविवारी मी आणलेल्या भाजीला ती हात लावते, पण बोलत नाही. काल वांगं उलटं धरून देठ बघितला, परत टोपलीत ठेवला आणि म्हणाली, 'असू दे.' तिला स्वतः खाली उतरून, निवडून, घासाघीस करून आणायचंय. ते कुठलं ॲप देणार?

जुनी_पेठ

मंडईचा विषय निघाला म्हणून: इमारत १८८६ची, तेव्हा नाव रे मार्केट होतं. महात्मा फुल्यांचं नाव नंतर मिळालं. आता तिथे निवडू देतात का हा वेगळा प्रश्न.

मुक्काम_लोणीकंद

बाकीचं राहू द्या. दोन प्रश्न. सोसायटीला लागून बांधकाम चालू आहे का? आणि गेटवर हातगाडी आत सोडतात का?

वैतागवाडीकर

मागच्या बाजूला दोन टॉवर चाललेत. पत्र्याच्या खोल्या आहेत, दीड-दोनशे माणसं असतील. हातगाडी सोडत नाहीत. सुरक्षेसाठी एप्रिलमध्ये कमिटीने तसा ठराव केला.

मुक्काम_लोणीकंद

त्या दोनशे माणसांनी आज काय खाल्लं?

लेबर कॅम्प असला की संध्याकाळी कामाची सुट्टी झाल्यावर टेम्पो येतोच. साडेपाच-सहाला मागच्या बाजूला जाऊन उभे राहा. आणि ठरावावर सही कोणाकोणाची आहे?

वैतागवाडीकर

माझी पण आहे.

अर्धवट_शंका

बघा! गिऱ्हाईक असलं की माल येतो. वाळवंट भिंतीच्या आतल्या बाजूला होतं.

मुक्काम_लोणीकंद

लगेच नाचू नका. मी सात वर्षं साइटवर सुपरवायझर होतो. टेम्पोत काय असतं? बटाटा, कांदा, टोमॅटो, मिरची, कोबी, कधी वांगी. पालेभाजी क्वचित, कारण उन्हात उरली तर विकणाऱ्याचं नुकसान. कॅम्पच्या टपरीत तेल पुडीत मिळतं, दहा रुपयांचं. त्या हिशोबाने लिटर किती पडतं ते काढा. वाघोलीतून लिटरची पिशवी आणायची तर रिक्षाचे पैसे आणि अर्धा खाडा. उचल संपली की उधारी, आणि उधारी त्या एकाच टपरीत. त्यांना माल मिळत नाही असं नाही, महाग मिळतो आणि निवडायला मिळत नाही. याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

टँकरमुक्त

या रस्त्याला पाण्याचं काय? आम्ही तिकडे फ्लॅट बघतोय. महिन्याला टँकरचे किती पडतात? नळाचं पाणी कधी येणार काही कळलं का?

हडपसरी_झणका

त्यासाठी वेगळा धागा काढा. शंभर प्रतिसाद नक्की.

वैतागवाडीकर | शुक्रवार, रात्री ९:१५

अपडेट. काल आईला मागच्या रस्त्याने घेऊन गेलो. मुद्दाम अर्धा दिवस रजा टाकली. पावणेसहाला टेम्पो आला. नवरा चालवतो, बाई विकते, उरुळीकडची आहे. आईने भेंडीचं टोक मोडून बघितलं तेव्हा बाई ओरडली, 'आजी, मोडलेली कोण घेणार?' आई म्हणाली, 'मोडली नाही तर ही जून आहे हे कळणार कसं?' दहा मिनिटं दोघींचं चाललं होतं. मागे बाळाला कडेवर घेऊन एक पोरगी अर्धा किलो बटाट्यासाठी उभी होती, शेवटी आईनेच तिला पुढे जाऊ दिलं.

भेंडी घेतली नाही. कोबी, मिरची आणि वर फुकट कोथिंबीर. आईने बाईला सांगितलंय सोमवारी शेपू आण, सहा जुड्या माझ्या गळ्यात. एवढ्या शेपूचं आम्ही काय करणार, विचारू नका. चौथ्या मजल्यावर खपवते म्हणाली. आज दुपारी तिघींच्या दारात जाऊन आली.

कमिटीला पत्र दिलंय, टेम्पोला संध्याकाळी तासभर गेटबाहेर थांबू द्या म्हणून. सचिव म्हणतात कचरा होईल. रविवारी बैठक आहे.

किराण्यासाठी मांजरी आणि यार्डाचं भांडण तुम्ही मिटवा, मग कळवा.

सुमनमावशी

सहा जुड्या जास्त नाहीत. मुगाची डाळ घालून शेपू केला की मुलंही खातात.

चक्रधर_म

सगळं झालं. फ्रिज केवढा ते अजून सांगितलं नाहीत.