दिवाळी अंकाची कथा मधेच अडली आहे, मदत हवी आहे

मंडळी, एका दिवाळी अंकासाठी कथा द्यायची आहे. मुदत १५ ऑगस्ट, हातात जेमतेम नऊ दिवस.

कथा एसटीच्या निवृत्त कंडक्टरची. १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर धावलेली पहिली गाडी त्याने लहानपणी पाहिलेली. पहिले १८०० शब्द सलग उतरले. म्हातारा तिकिटं पंच करायचा चिमटा माळ्यावरून काढतो, धोतराच्या सोग्याने पुसतो, नुसत्या हवेत दोनदा टकटक वाजवतो... आणि तिथेच गाडी रुतली. अकरा दिवस रोज पहाटे वही उघडते, तोच परिच्छेद लिहिते, खोडते.

शेवट मला ठाऊक आहे, तिथवरची वाट सापडत नाही. मधला भाग सोडून शेवट आधी लिहून टाकला, असं कुणी केलंय का? नंतर सांधा दिसतो का? की फोनवर बोलून रेकॉर्ड करावं आणि मग उतरवून काढावं?

मुदत वाढवून मागणं पटत नाही, पुढे मुद्रितशोधन आणि छपाई असतेच. ‘थोडे दिवस बाजूला ठेव’ हेही आता शक्य नाही. तो चिमटा माझ्या आजोबांचा आहे, त्यामुळे कथा कशीतरी गुंडाळायची नाही. खरंच कळवा.