मराठी येतं म्हणून जपानी सोपी जाते, हे मला पटत नाही

धागाकर्ती:
चार महिने झाले जपानी शिकतेय. वर्गात पहिल्याच दिवशी सांगितलं, "मराठी येतं ना, मग जपानी सोपी." हिरागाना आणि काताकाना या दोन उच्चारी लिप्या, प्रत्येकी ४६ मूळ अक्षरं, महिन्याभरात बसल्या. मग कांजी, म्हणजे चिनीतून आलेली अर्थवाही चिन्हं, सुरू झाली. जन्म-जीवन अशा अर्थाची एकच कांजी 'सेन्सेइ'मध्ये (शिक्षक) 'सेइ' वाचायची, 'उमारेरु'मध्ये (जन्मणं) 'उ', 'इकिरु'मध्ये (जगणं) 'इ', आणि एकटी आली की 'नामा', म्हणजे कच्चं! जपान सरकारच्या नेहमीच्या वापराच्या यादीत अशा २१३६ आहेत. आपल्याकडे अक्षर दिसलं की उच्चार कळतो. ती सवयच इथे आड येते. नवख्या माणसाला सोपं म्हणून सांगणं चूक आहे.

प्रतिसाद १:
साफ असहमत. 'वाताशि वा मिझु ओ नोमिमासु': मी पाणी पिते. शब्दांचा क्रम तोच. 'नो' म्हणजे आपला चा-ची-चे, आणि तो तर लिंगानुसार बदलतही नाही. 'ताबेते' म्हणजे खाऊन. 'ताबेते मिरु' म्हणजे खाऊन बघणं, 'ताबेते शिमाउ' म्हणजे खाऊन टाकणं. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे समजावून सांगावं लागतं, आपल्याला ऐकताच कळतं. अमेरिकी परराष्ट्र खात्याची संस्था जपानीला २२०० तास लागतात म्हणते, पण तो हिशेब इंग्रजी भाषकांचा. तो आकडा बघून आपण का घाबरायचं?

धागाकर्ती:
व्याकरणाचं मान्य, 'खाऊन बघणं' तर फारच आवडलं. पण वाचता येत नसेल तर त्या व्याकरणाचं करू काय? आणि मोजणं? एक, दोन, तीन पेन्सिली म्हणजे इप्पोन, निहोन, सान्बोन. एक, दोन कागद मात्र इचिमाइ, निमाइ. वस्तूच्या आकारावर मोजणी बदलते, हे मराठीतून कुठून आणू?

प्रतिसाद २:
मला दोघींचंही अपुरं वाटतं. खरी चढण आदराच्या भाषेची. खाणं साधं 'ताबेरु', समोरच्या मोठ्या माणसाने खाल्लं तर 'मेशिआगारु', मी नम्रपणे सांगतो तेव्हा 'इतादाकु'. तू-तुम्ही-आपण एवढ्यावर भागत नाही. स्वतःकडे कमीपणा घेणारी वेगळी क्रियापदं आपण रोजच्या बोलण्यात वापरत नाही.

प्रतिसाद १:
पण ते नवख्याला लगेच लागतं कुठे? सुरुवातीला वाक्याच्या शेवटी येणारं 'देसु-मासु' पुरेसं सभ्य असतं. आणि धागाकर्ती, कांजीचे सगळे उच्चार सुटे पाठ करत असाल तर आजच थांबवा. मीही वर्षभर तेच केलं, काही टिकलं नाही. 'सेन्सेइ' हा अख्खा शब्द शिका, 'उमारेरु' हा अख्खा शब्द शिका. उच्चार शब्दाबरोबर येतो. कांजीच्या डोक्यावर बारीक हिरागानात उच्चार छापलेली पुस्तकं घ्या. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत तर कांजी हाताने लिहावीही लागत नाही, पर्याय निवडायचे असतात.

धागाकर्ती:
सुटेच पाठ करत होते. आजपासून वहीत शब्दच लिहीन. 'सोपी' मात्र अजूनही म्हणणार नाही.