शब्दचर्चा : सोंगाड्या

आमच्या तासगाव तालुक्यातील गावी यंदाच्या जत्रेत तमाशात आयुष्य घालवलेल्या एका वृद्ध कलावंताचा सत्कार ठरला आणि मानपत्राचा मसुदा करण्याचे काम माझ्याकडे आले. ज्या परंपरेने दादा कोंडके यांच्यासारखा सोंगाड्या घडवला, त्याच परंपरेत या गृहस्थांनी हयात काढली, अशा अर्थाचे एक वाक्य मी त्यात लिहिले होते. मसुदा परत आला तेव्हा ‘सोंगाड्या’ या शब्दावर लाल रेघ होती, वर ‘विनोदी अभिनेता’ असे लिहिलेले होते आणि समासात शेरा होता : ‘अपमानकारक’. शेरा मारणारे गृहस्थ सुशिक्षित आहेत आणि त्यांचा हेतूही चांगलाच होता. म्हणूनच या शब्दाविषयी सविस्तर लिहावेसे वाटले.

‘सोंग’ हा शब्द ‘स्वांग’पासून आला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ‘वाट’ जाणणारा तो वाटाड्या, तसा ‘सोंग’ जाणणारा तो सोंगाड्या. प्रत्यय तोच आहे आणि त्यात हीनत्व काहीच नाही. तुकोबांच्या अभंगात ‘संपादिलें सोंग’ असा प्रयोग येतो. सोंग ही संपादायची, म्हणजे निगुतीने पार पाडायची गोष्ट आहे, हा भाव त्यात स्पष्ट दिसतो. आजही आपण भूमिकेबद्दल बोलताना सोंग ‘वठले’ किंवा ‘वठले नाही’ असे म्हणतो.

मग हा शब्द अपमानकारक का वाटू लागला? माझ्या मते याचे कारण ‘ढोंग’ या शब्दाच्या शेजारात आहे. ‘सोंगढोंग’ असा जोडशब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की दोन्हींचा अर्थ एकच असावा, असे वाटू लागते. ‘झोपेचे सोंग’ किंवा ‘सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही’ अशा प्रयोगांमध्येही सोंग फसवणुकीकडे झुकलेले आहे, हे खरे. परंतु रंगमंचापुरते पाहिले तर फरक अगदी स्वच्छ आहे. ढोंग समोरच्याला कळले की संपते. सोंग समोरच्याला ठाऊक असते म्हणूनच रंगते. कनातीत बसलेल्या माणसाला समोरचा राजा हा राजा नाही आणि मावशी ही बाई नाही, हे पहिल्या क्षणापासून माहीत असते. ढोंगी माणूस प्रेक्षकाला गाफील ठेवतो, तर सोंगाड्या त्याला सामील करून घेतो.

दुसरा मुद्दा असा की ‘सोंगाड्या’ हे तमाशाच्या फडातील एका ठरावीक कामाचे नाव आहे. गण (गणेशवंदन), गवळण (कृष्ण आणि गौळणींचा प्रसंग), बतावणी (विनोदी संवाद) आणि वग (कथानाट्य) असा खेळाचा क्रम असतो. त्यात सरदाराच्या, म्हणजे फडाच्या प्रमुखाच्या, प्रत्येक शब्दाला उलटे पालटे करून उत्तर देणारा, कथानकाचा धागा मध्येच सोडून गावातल्या ताज्या घडामोडीवर बोलणारा आणि पुन्हा त्याच जागी येऊन धागा धरणारा तो सोंगाड्या. विदूषक संस्कृत नाटकातून आला. सांगलीत विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सीतास्वयंवराचा प्रयोग केला, त्या काळच्या खेळांत सूत्रधाराबरोबर विदूषक येत असे. सांगलीपासून हाकेच्या अंतरावरच्या कवलापूरने मात्र काळू-बाळूंसारखे जुळे सोंगाडे दिले. दोन्ही परंपरा एकाच मातीत नांदल्या, पण त्यांचे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

सोंगाड्याचे काम भाषेच्या अंगाने नेमके काय असते, हे एका उदाहरणाने सांगतो. लहानपणी जत्रेत ऐकलेल्या एका बतावणीत सरदार रागावून विचारतो, “तुझ्या मनात आहे तरी किती?” सोंगाड्या जरा विचार करतो, बोटांवर मोजतो आणि अत्यंत गंभीरपणे सांगतो, “मनात चाळीस शेर.” आमच्याकडच्या खेडवळ बोलण्यात ‘ण’चा ‘न’ होतो, त्यामुळे मन आणि मण कानाला सारखेच लागतात, आणि मणाचे शेर चाळीस, हे समोर बसलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला पाठ होते. हशा पिकला तो श्लेषामुळे, परंतु तेवढ्यामुळेच नाही. उत्तर देणाऱ्याच्या चेहऱ्यावर आपण काही चुकीचे बोललो याची पुसटशीही खूण नव्हती, हे त्याचे अर्धे कारण. वेड पांघरून पेडगावला जाणे हाच सोंगाड्याचा धंदा आहे.

दादा कोंडके यांची कारकीर्द या दृष्टीने पाहिली की ‘विनोदी अभिनेता’ हा शब्द किती तोकडा पडतो, ते लक्षात येते. ८ ऑगस्ट १९३२ रोजी मुंबईत नायगावच्या कामगार वस्तीत जन्मलेले दादा बँडपथक आणि सेवा दलाचे कलापथक अशा वाटेने लोकनाट्यात आले. वसंत सबनीस यांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य १९६५ साली रंगमंचावर आले आणि त्यातील हवालदार दादांनी उभा केला; त्याचे पंधराशेहून अधिक प्रयोग झाले. (नावातला ‘विच्छा’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. ‘इच्छा’ हा पोथीतला शब्द खेड्याच्या जिभेवर आला की त्याच्यापुढे ‘व’ उभा राहतो आणि तेवढ्यानेच तो शब्द राजदरबारातून चावडीवर येतो.) भालजी पेंढारकर यांच्या ‘तांबडी माती’तून १९६९ साली ते पडद्यावर दिसले आणि १९७१ साली स्वतःची निर्मिती घेऊन आले. त्या चित्रपटाचे नावच ‘सोंगाड्या’ होते. भोळा नाम्या तमाशाच्या नादाने घराबाहेर पडतो, अशी ती कथा. ज्या माणसाने आपल्या पहिल्या निर्मितीला हे नाव अभिमानाने दिले, त्याच्यासाठी तो शब्द अपमानकारक कसा ठरेल?

पुढे १९७५ च्या ‘पांडू हवालदार’पासून त्यांनी दिग्दर्शनही हाती घेतले. त्यांच्या नऊ चित्रपटांच्या रौप्यमहोत्सवांची नोंद गिनीज बुकात झाली, हे सर्वांना माहीत आहे. माझे लक्ष मात्र त्यांच्या चित्रपटांच्या नावांकडे जाते. ‘एकटा जीव सदाशिव’ हा बोलीतला जुना वाक्प्रयोग, सडाफटिंग माणसाच्या निश्चिंतपणाविषयीचा. ‘तुमचं आमचं जमलं’ यातले ‘जमणे’ पाहा : सोयरीक जमते, काम जमते, मैफल जमते. ‘आली अंगावर’ यातले ‘अंगावर येणे’ हे बैलाबद्दल बोलता येते, जबाबदारीबद्दल बोलता येते आणि कर्जाबद्दलही. ही सर्व वाक्ये आमच्या घरातल्या वडीलधाऱ्या बायकासुद्धा रोज बोलतात आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

म्हणूनच त्यांच्या संवादांना सरसकट ‘अश्लील’ म्हणणे मला शब्दाच्या दृष्टीने चुकीचे वाटते. ‘अश्लील’ बोलण्यात अर्थ उघडा असतो. ‘द्व्यर्थी’ बोलण्यात दोन अर्थ असतात आणि ‘चावट’ बोलण्यात बोलणाऱ्याचा डोळा मिचकावलेला असतो. दादांचा नाम्या किंवा पांडू पहिल्या, निरागस अर्थावर पाय रोवून उभा असतो आणि दुसरा अर्थ प्रेक्षकाने आपल्या पदरचा घातलेला असतो. लोंबत्या नाड्याची अर्धी चड्डी घातलेला, गोंधळलेल्या मुद्रेचा तो माणूस प्रेक्षकाकडे असा पाहतो की हसणाऱ्यालाच आपण काय समजलो याची लाज वाटावी. चाळीस शेरांचे उत्तर देणाऱ्याची गंभीर मुद्रा ती हीच. नंतरच्या काही चित्रपटांत, विशेषतः हिंदीत गेल्यावर, हा तोल सुटला, असे माझे मत आहे. तिथे दुसरा अर्थ त्यांनीच पुढे ढकलला, आणि शिवाय मराठी वाक्प्रचाराचा आधारही हाताशी राहिला नाही.

तेव्हा माझे म्हणणे असे : ‘विनोदी अभिनेता’ हा एका मोठ्या वर्गाचा शब्द आहे आणि ‘सोंगाड्या’ हा त्यातील एका विशिष्ट विद्येचा. शाहीर, ढोलकीवाला, नाच्या, सरदार, मावशी यांना जसे पर्यायी शब्द नाहीत, तसाच तो आहे.

मानपत्राचा वाद अखेर ज्यांचा सत्कार व्हायचा होता त्यांच्या घरी जाऊन मिटला. मी दोन्ही मसुदे वाचून दाखवले. समितीने त्यांच्या नावापुढे ‘ज्येष्ठ तमाशा कलावंत’ असे घातले होते. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “कलावंत तर आमचा ढोलकीवालाबी हाय, गुरुजी. म्या सोंगाड्या हाय. त्ये लिवा.” शेरा मारणाऱ्या गृहस्थांनी स्वतःच्या हाताने लाल रेघ खोडली.

सत्कारमूर्तींच्या दिवंगत धाकट्या भावाचा उल्लेखही करायचा असल्यामुळे अनेकवचनाचा प्रश्न आला. ‘वाटाड्या’चे अनेकवचन ‘वाटाडे’, त्याप्रमाणे ‘सोंगाडे’ असे मी लिहिले. ‘सोंगाड्ये’ हे रूप छापील मजकुरात टाळावे. विभक्ती लावताना मात्र ‘सोंगाड्याने’, ‘सोंगाड्यांनी’ असे ‘ड्या’ कायम राहते.