याहूच्या आधीचं आयसीक्यू आणि नंतरचं जॅबर

चॅटिंगची सुरुवात याहू मेसेंजरपासून झाली असं कुणीतरी लिहिलंय, त्यात थोडी भर घालतो. याहू मेसेंजर आधी ‘पेजर’ नावानं आला, तो १९९८ चा. त्याआधी, नोव्हेंबर १९९६ मध्ये, इस्रायलच्या मिराबिलिस कंपनीनं आयसीक्यू हे चॅटिंगचं सॉफ्टवेअर आणलं होतं. प्रत्येकाला एक नंबर मिळायचा, आणि कोण ऑनलाइन आहे ते यादीत दिसायचं. ते थेट जून २०२४ पर्यंत चाललं!

पण माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम जॅबर या खुल्या चॅटिंग व्यवस्थेचं. जेरेमी मिलरनं ते १९९९ मध्ये जाहीर केलं, पुढे त्यातूनच एक्सएमपीपी हे खुलं मानक, म्हणजे संदेशांची देवाणघेवाण कशी करायची याचे कुणालाही वापरता येणारे नियम, तयार झालं. रचना ईमेलसारखी: तुमचा सर्व्हर वेगळा, माझा वेगळा, तरी बोलणं होणार. २००५ मध्ये आलेलं गूगल टॉक याच मानकावर होतं. मी ते पिजिन या अनेक चॅट सेवा एकत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून वापरायचो, त्याच खिडकीत याहूवरचे मित्रही असायचे. २०१३ मध्ये गूगल टॉकच्या जागी गूगलचंच हँगआउट्स आलं, त्यात इतर सर्व्हरशी बोलायची सोय ठेवलीच नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं. व्हॉट्सॲपनंसुद्धा सुरुवातीला एक्सएमपीपीच बदलून घेतलं होतं, फक्त बाहेरच्यांसाठी दार उघडं ठेवलं नाही.